सदर गाणे मालकाच्या ताब्यात राहील

आमच्या ग्रुपचं नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. आमच्या वेबसाइटवर अगदी तळाला, मुंगीने लिहावं इतक्या बारीक अक्षरात 'कायदेशीर सूचना' नावाचं एक पान आहे. त्यातलं सहावं कलम सांगतं की सदर ग्रुपचे नाव लेखी परवानगीशिवाय कोणीही, कोठेही, कोणत्याही कारणाने उच्चारू, छापू अथवा भिंतीवर रंगवू नये. आमच्या गाण्याची एक ओळसुद्धा इथे देता येत नाही. ते सातवं कलम. कलमं मीच लिहिली आहेत, हे खरं. पण लेखी परवानगीवर दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि आमच्या घरातले दोन्ही सज्ञान सध्या माझ्या कुठल्याही कागदावर सही करायला तयार नाहीत.

तेव्हा नावाशिवायच सांगते.

सुरुवातीला आम्ही तिघी होतो. धडाम ड्रम वाजवते. तिच्या घराच्या गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी आमची प्रॅक्टिस चालते. तार गिटार वाजवते. तार म्हणजे माझी जिवाची मैत्रीण. अंगाने तारेसारखी आणि बोलणंही जुन्या काळच्या तारेसारखं, शब्दाला पैसे पडत असल्यासारखं. आणि मी. शब्द माझे, आवाज माझा, कपड्यांचे रंग ठरवणार मी, पाणी कोणी आणायचं तेही ठरवणार मी. आमचं जे एकमेव गाणं आहे त्याची चाल मात्र तारची. मी कविता वाचत बसले होते, ती माझ्या तोंडाकडे बघत बघत तारा छेडत होती, आणि माझी शेवटची ओळ संपली तेव्हा चाल तयार होती. इतकं सोपं होतं सगळं.

मग नवी आली.

नवी आमच्या वर्गात नवीन होती, म्हणून नवी. आता ती जुनी झाली तरी मी नवीच म्हणते, कारण काही माणसांना जुनं होऊ द्यायचं नसतं. धडाम तिला एक दिवस गॅरेजमध्ये घेऊन आली आणि म्हणाली, "ही पण गाते गं थोडंफार." थोडंफार! नवीने तोंड उघडलं आणि त्याच क्षणी वॉशिंग मशीन थांबलं. मशीनचं काम संपलं होतं म्हणून ते थांबलं, पण सगळ्यांना वाटलं आदराने थांबलं. धडामच्या आईने वरून ओरडून विचारलं, "कोण गं गातंय? किती गोड!" मी त्या गॅरेजमध्ये वर्षभर गात होते. मला वरून फक्त "दार लावून घ्या" इतकंच ऐकू आलं होतं.

मी जळले नाही, हे आधीच स्पष्ट करते. जळणं वेगळं आणि छातीत कोणीतरी ओलं लाकूड पेटवून धूर कोंडल्यासारखं वाटणं वेगळं. माझं दुसरं होतं. आणि तेही आवाजामुळे नव्हतं. माझा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे. तो खणखणीत आहे, स्टीलची ताटं पडल्यावर असतो तसा. माझं दुखणं हे होतं की तार, जी माझ्याशी दिवसाला चार वाक्यं बोलते, ती नवीला म्हणाली, "वरचा सूर सुंदर लागला तुझा." मी मोजलं नाही, पण वाक्य लांब होतं.

त्याच सुमाराला धडामच्या दादाने आमची वेबसाइट बनवली. त्याला कॉलेजात कोणाची तरी वेबसाइट बनवून दाखवायची होती आणि फुकट तयार होणारं गिऱ्हाईक आमच्याशिवाय दुसरं नव्हतं. पहिल्या पानावर आमचा फोटो. मधोमध नवी, केस वाऱ्यावर. गॅरेजात वारा कुठून आला देव जाणे. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला धडाम, आणि माइकच्या स्टँडमागे एक कान आणि अर्धी भुवई. तो कान माझा.

"मस्त आलाय!" सगळ्या म्हणाल्या.

"भुवई छान आलीये," मी म्हणाले.

दादा म्हणाला, "खाली कायदेशीर सूचनांचं पान रिकामं आहे. कॉपीराइट वगैरे. कुठून तरी उचलून टाका. ते कोणी वाचत नाही."

"मी लिहिते," मी म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की धडामने चमकून पाहिलं. पण माझ्या डोक्यात वीज चमकली होती. फोटो ज्याचा त्याचा असेल. कायदा माझा असेल.

आमच्या खालच्या मजल्यावर तारीखकाका राहतात. ते कोर्टात नोकरीला होते. न्यायाधीश नव्हे, वकीलही नव्हे; दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी घसा निवृत्त झालेला नाही. ते पायरीवरून "दूऽऽध" म्हणाले की शेजारच्या इमारतीतली माणसं भांडी घेऊन खाली येतात.

"काका, कॉपीराइटच्या अटी कशा लिहितात हो?"

"पुरावा काय?" काका म्हणाले. ते कुठल्याही प्रश्नाला आधी हेच म्हणतात. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूशी केलेला करार होता. "हा घे नमुना. कोर्टात तीस वर्षं काढली बाळ, सगळे करार सारखेच. एकाकडे काहीतरी असतं, दुसऱ्याला ते हवं असतं, आणि पहिल्याला ते द्यायचं नसतं."

माझ्या मनातलं दुखणं इतक्या थोडक्यात अजून कोणी सांगितलं नव्हतं. मी फाइल छातीशी धरून घरी आले.

जिथे 'घर' होतं तिथे 'गाणे' घातलं, जिथे 'घरमालक' तिथे 'मालक', आणि काय सांगू, तो कागद जिवंत झाला! सदर गाणे मालकाच्या ताब्यात राहील. गाण्यात पाळीव प्राणी ठेवू नयेत. गाण्यात मालकाच्या परवानगीशिवाय तोडफोड अथवा वाढीव बांधकाम करू नये (हे नवीच्या तानांसाठी चपखल होतं). गाणे सोडताना रंगरंगोटी करून, सुस्थितीत परत करावे. भिंतींना खिळे ठोकू नयेत हे मी खोडायला निघाले होते, तर बाबा म्हणाले, "राहू दे राहू दे, वजन येतं."

बाबा विमा कंपनीत आहेत. माणसाला पैसे का मिळणार नाहीत हे बारीक अक्षरात लिहिणं हा त्यांच्या दृष्टीने वाङ्मयाचा सर्वोच्च प्रकार. एरवी माझ्या कविता वाचताना त्यांना झोप येते; त्या दिवशी ते ताठ बसले. "'कोणत्याही परिस्थितीत' असं मोघम नाही लिहायचं बाळा. 'नैसर्गिक आपत्ती वगळता' टाक." टाकलं. त्यामुळे आजही भूकंप, पूर किंवा ज्वालामुखीच्या वेळी आमचं गाणं कोणीही खुशाल गाऊ शकतं.

मग आलं पोटभाडेकरूचं कलम. तिथे मात्र माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस ज्या माणसासाठी शब्द सापडत नव्हता तो कायद्याने तयारच ठेवला होता. मी लिहिलं: मूळ ग्रुप स्थापन झाल्यानंतर दाखल झालेल्या गाणाऱ्या व्यक्तीस 'पोटगायिका' असे संबोधण्यात येईल. पोटगायिकेचा गाण्यावर कसलाही हक्क राहणार नाही. पोटगायिकेने सदर गाणे जिन्यात, बाथरूममध्ये अथवा मालकाच्या मैत्रिणीशेजारी बसून गुणगुणू नये.

खाली जाऊन दाखवलं, तर काकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे शेवटचं काय आहे?"

"खास अट."

"असू दे. खास अटींशिवाय कराराला शोभा नाही."

करारात सगळ्यात वर 'मालक' असा एकच रकाना होता आणि त्याखाली 'भाडेकरू'. मालकाच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. भाडेकरूंत तार आणि धडाम. तेव्हा खरंच माझ्या डोक्यात तार नव्हती हो. डोक्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे नवीच पसरली होती.

दादाने न वाचता पान चढवलं, परीक्षा आली म्हणून फोन बंद केला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं.

असली पानं जगात कोणी वाचत नाही, हे दादाचं म्हणणं जवळजवळ बरोबर होतं. एकच बाई वाचते आणि ती नेमकी रेडिओ केंद्रावर काम करते.

फोन बाबांनी घेतला. शाळकरी ग्रुपांचा एक कार्यक्रम आहे, त्यात आमचं गाणं हवंय, केंद्रावर येऊन ध्वनिमुद्रण करायचं. इथपर्यंत ठीक. मग रेडिओबाई अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या अटी वाचल्या. गाणं आम्ही सुस्थितीत परत करू. पण रंगरंगोटीचं जमेलसं वाटत नाही."

"चर्चा करता येईल," बाबा तितक्याच गंभीरपणे म्हणाले.

पण अटी म्हणजे अटी. बाईंनी सांगितलं की तुमच्याच कलमाप्रमाणे मालकाची परवानगी, साक्षीदार आणि सर्व भाडेकरूंची उपस्थिती लागेल. "आमच्या केंद्रात कागदाशिवाय पंखासुद्धा लागत नाही," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी ते अख्खं पान ग्रुपमधल्या चौघींनाही पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत धडामने ते बाकावर उभं राहून वाचलं. धडाम वाचते तेही ड्रम वाजवल्यासारखं. "पोट! गायिका!" असं ती म्हणाली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. आता नवी रडणार, मग वर्गाच्या बाईंकडे जाणार, असा माझा अंदाज. पण नवी इतकी हसली की तिला उचकी लागली. संध्याकाळपर्यंत तिने दप्तरावर खडूने मोठ्ठं 'पोटगायिका' लिहून घेतलं होतं. दोन दिवसांत पाचवीच्या मुली तिला बघून कुजबुजायला लागल्या, "ती बघ, पोटगायिका ताई!" म्हणजे बघा. मी इतकी मेहनत करून एक शिवी तयार केली, आणि तीसुद्धा हिला शोभून दिसली.

तार हसली नाही. तिने कागद घेतला आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचला. बोट पहिल्याच ओळीवर थांबलं.

"मालक तू?"

"अगं तो नमुना आहे, काकांच्या गच्चीवरच्या खोलीचा..."

"मी भाडेकरू?"

"धडामपण आहे ना भाडेकरू! तिला बघ, तिचं काही म्हणणं नाही."

"माझं काय म्हणणं असणार," धडाम म्हणाली, "माझ्याकडून भाडं घेतलं नाही म्हणजे झालं."

"चाल कोणाची आहे?" तारने विचारलं.

मी खूप काही बोलू शकते. आमच्या घरी पाहुणे आले की मला आत जा म्हणतात. पण त्या वेळी मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली, जी बांधलेलीच होती. तार कागदाची नीट घडी घालून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. 'कलम अकरानुसार जागा सोडण्याची एक महिन्याची नोटीस. गिटार माझी आहे. रंगरंगोटी मिळणार नाही.' आणि जाऊन नवीच्या बाकावर बसली.

नवीच्या! म्हणजे जिच्यापासून तारला लांब ठेवायला मी एवढा कायदा केला, तिच्याच शेजारी मीच तारला बोट धरून नेऊन बसवलं होतं. त्या दोघी डबा खाताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या मागच्या खिडकीकडे बघत होते. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं आणि ते मी रोज बघत होते.

पान बदलावं म्हणून दादाला फोन केला. त्याच्या आईने उचलला. "अगं तो अभ्यास करतोय. मलाच भेटत नाही, ताट दाराबाहेर ठेवते." काकांकडे गेले. काका म्हणाले, "अट बदलायची तर सर्व पक्षांच्या सह्या. मैत्रीण सही करेल?"

"ती बोलतच नाही काका."

"मग तारीख पडणार," काका म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

शेवटी आईकडे गेले. आई दातांची डॉक्टर आहे. समोरचा उत्तर देऊ शकत नाही हे ती घरीसुद्धा धरूनच चालते. दाढ दुखतेय असं म्हणाले, तर तिने दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं करून तोंडात आरसा घातला आणि मग बोलायला सुरुवात केली.

"ती नवी मुलगी खुपतेय ना तुला?"

"आँ."

"आणि गिटारवाली रुसली."

"आँऽ आँ!"

"म्हणजे किडलेला राहिला जागेवर आणि चांगला उपटून बसलीस. माझ्याकडे असं कोणी केलं असतं तर दवाखाना बंद पडला असता. चूळ भर."

दाढेला काहीही झालेलं नव्हतं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तार येणार नाही अशी माझी खात्री होती. तर ती केंद्राच्या दारात गिटार घेऊन उभी. माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात ती म्हणाली, "नोटीस संपेपर्यंत वाजवणं बंधनकारक आहे. कलम अकरा. तूच लिहिलंयस." जीव परत भांड्याबाहेर.

साक्षीदार म्हणून बाबा आणि काका आले होते. दोघांनी लग्नाला जावं तसे कपडे केले होते. दारावरच्या रखवालदाराला वाद्यांची नोंद हवी होती. "ढोल किती?" धडाम म्हणाली, "एकच, पण पाच भाग आहेत." "मग पाच ढोल." "अहो एकच आहे!" "मग चार बाहेर ठेवा." हे मिटेपर्यंत उशीर झाला, आणि आत लांब, शांत, गालिचा घातलेल्या बोळात आम्हाला बसवलं गेलं. समोरच्या दारावर लाल दिवा होता. दिवा लाल असताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो हे कोणीतरी काकांना सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांनी असा लांब बोळ, बाकावर बसलेली माणसं आणि हातात कागद बघून त्यांच्यातलं कोर्ट जागं झालं. ते उठले, छाती भरून घेतली आणि आमची सगळ्यांची नावं एकापाठोपाठ एक पुकारली. तिसऱ्यांदा पुकारून "हाजिर हो" म्हणेपर्यंत लाल दिव्याचं दार उघडलं आणि हवामान सांगणारे एक गृहस्थ बाहेर आले. त्यांच्या डोळ्यांत वादळी पाऊस होता. आमच्या घरचे सज्ञान सही करायला का तयार नाहीत, याचं निम्मं कारण हे गृहस्थ.

स्टुडिओत रेडिओबाई भेटल्या. बारीक चण, चेहऱ्यावर एकही रेघ हलत नव्हती. हातात आमचं पान, जागोजागी खुणा केलेलं.

"मुख्य माइक एकच आहे," त्या म्हणाल्या. "कोण गाणार? तुमच्या नवव्या कलमाप्रमाणे ते मालकाने ठरवायचं. मालक कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. काचेमागे तो माइक उभा होता, मऊ काळी टोपी घातलेला. नवी भिंतीला टेकून गप्प उभी होती. पोटगायिकेला मत नसतं, तेही कलमातच होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. मी. तो जिभेवर येऊन बसलाही होता, पाय हलवत. आणि तिकडे कोपऱ्यात तार आमच्याकडे पाठ करून एकच तार पुन्हा पुन्हा जुळवत होती. ती कधीची जुळली होती. मला कळतं ते.

"मालक ती आहे," मी म्हणाले. "चाल तिची आहे. माझे नुसते शब्द. त्या रकान्यात दोन नावं मावत नव्हती."

"मावत नव्हती तर खाली लिहायचं," रेडिओबाई म्हणाल्या.

"हरकत आहे!" काका गरजले. "तोंडी बदल ग्राह्य..." बाईंनी फक्त लाल दिव्याकडे बोट दाखवलं. काका बसले.

"तर मालक," बाई तारला म्हणाल्या, "कोण गाणार?"

आता तुम्हाला वाटेल तार वळली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती माझं नाव घेऊन म्हणाली की हीच गाणार. मलाही तसंच वाटलं होतं. मी केससुद्धा कानामागे सारले.

"नवी," तार म्हणाली. "तिचा सूर चांगला लागतो."

बरं. ओलं लाकूड, धूर, सगळं परत सुरू. मी दाराकडे वळले. तेवढ्यात तारने पायाने एक स्टूल ओढून स्वतःच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ ठेवलं.

"तू इथे बस."

"कशाला? टाळ्या वाजवायला?"

"मला नुसत्या सुरावर नाही वाजवता येत. तू शब्द म्हण. ओठांनीच. मी तुझ्या तोंडाकडे बघून वाजवते, आधीपासून."

"आवाज न करता," रेडिओबाईंनी बजावलं. त्यांनी माझा आवाज एव्हाना बोळात ऐकला होता.

आणि तसं गाणं झालं. नवी गायली. सुंदर गायली, मेली. धडामने पाचही ढोल वाजवले. मी पूर्ण गाण्यात चिमणीएवढाही आवाज केला नाही, आणि तार एकदाही माझ्या चेहऱ्यावरून नजर न हलवता वाजवत राहिली. शेवटच्या ओळीला मी मुद्दाम थोडी थांबले, तर तीही थांबली, आणि नवीला नाइलाजाने थांबावं लागलं. फार छान परिणाम झाला असं नंतर रेडिओबाई म्हणाल्या.

"नोटीस?" मी हळूच विचारलं.

"विचार करते," तार गिटार पिशवीत घालत म्हणाली. पण पिशवीचा दुसरा बंद तिने धरायला माझ्याकडेच दिला.

बाहेर बोळात पाण्याच्या मशीनपाशी नवी एकटी उभी होती. बाबा आणि काका हवामानवाल्यांची माफी मागत होते. मी ग्लास भरायला गेले तर नवी म्हणाली, "एक सांगू? ती माझ्याकडे एकदासुद्धा बघत नाही."

"कोण?"

"तार. गॅरेजमध्येही नाही. शेजारी बसून डबा खाताना पण तुझंच सांगते, ही अशी म्हणाली, ही तशी म्हणाली. आज तर मी गातेय की ती भिंत गातेय, तिला काही फरकच नव्हता." तिने ग्लासातल्या पाण्याकडे बघितलं. "तुमचं असं आधीपासूनच आहे का गं?"

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नाकाचा शेंडा लाल, खालचा ओठ आत ओढलेला, आणि डोळे दोघींच्या मधल्या कुठल्यातरी खिडकीकडे. बोळात खिडकी नव्हती.

जळत होती. नवी. माझ्यावर!

जन्मात मला इतका गोड सूर कोणी ऐकवला नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आवाजात जमेल तितकी माया आणली आणि म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊस गं. सगळ्यांनाच नाही जमत."